दुसऱ्यांच्या पगारात डोकावताना

आमच्या लिमरिकच्या मराठी मंडळाची दिवाळी एका शाळेच्या हॉलमध्ये होते. जेवणाच्या रांगेत मी कुणाच्या मागे जाऊन उभी राहिले की पुढच्यांचं बोलणं बदलतं. तोवर बोनस, कंपनीचे शेअर्स, बाणेरचा दुसरा फ्लॅट असं रंगात आलेलं असतं. मी दिसले की एकदम हवा, पाऊस आणि मुलांची शाळा. मी निवृत्त होऊन वर्ष उलटलं, पण लोकांना ते पटत नाही. "मीनाताई रिटायर झाल्यात म्हणे." "हो ना, म्हणे." त्या 'म्हणे'त सगळं आलं.

त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्यांच्या पगारात डोकावणं हाच माझा व्यवसाय होता. संपादकांनी या अंकासाठी 'तुमच्या नोकरीतल्या गमती लिहा' म्हणून फोन केला, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा की यांना नेमकं काय काढून घ्यायचं आहे. सवय, दुसरं काय.

इथल्या वाचकांना सांगायला नको, पण हा अंक पुण्या-नागपुरातही जातो म्हणून सांगते. आयर्लंडात नोकरी मिळते, घर मिळत नाही. भाड्याचं घर बघायला जाल तर दाराबाहेर रांग असते, आणि रांगेत सगळे तुमच्यासारखेच शिकलेले, पगारदार. मी ज्या संस्थेत होते ती सरकारी मदतीने घरं बांधून भाड्याने देते. भाडं बाजारभावाने नाही, तर घर बांधायला आणि सांभाळायला जेवढा खर्च येतो त्या हिशेबाने. ते बाजारापेक्षा बरंच कमी पडतं आणि मनाला येईल तसं वाढवता येत नाही. आपल्याकडे सरकारी घरांची सोडत निघते तशी इथेही निघते, आणि तशीच गर्दी उसळते.

मात्र ही घरं मधल्यांसाठी. कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं, घर मिळण्याइतके जे गरीब नाहीत आणि बाजारभावाने भाडं भरण्याइतके जे श्रीमंत नाहीत, त्यांच्यासाठी. म्हणून उत्पन्नाची मर्यादा. घरात राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांचं, कर कापून हातात येणारं, जगात कुठूनही येणारं उत्पन्न एका रेषेच्या खाली हवं. आणि ते अर्जाच्या वेळी. एकदा घर मिळालं की पुढे तुम्ही कंपनीचे डायरेक्टर झालात तरी कोणी हटकत नाही. त्यामुळे सगळी भांडणं त्या एका घटकेवरून. सोडत लागली, घरात पडदे लागले, आणि मग कोणीतरी फोन करून सांगतं की त्यांचं उत्पन्न तेव्हाच जास्त होतं. मग आमचं ऑफिस घरमालक म्हणून उभं राहतं, भाडेकरू भाडेकरू म्हणून, आणि मध्ये मी.

संशय हा माझा मूळ स्वभाव नव्हता असं माझी आई म्हणायची. होताच, असं माझा नवरा प्रकाश म्हणतो. त्याने नवीन बूट आणले तरी माझ्या तोंडून आधी निघायचं, "कधी घेतलेस?" तो शांतपणे सांगायचा, "अर्ज केल्यानंतर."

पण या कामात संशय आला नाही तर पगार घेऊ नये. एक सद्गृहस्थ मुलाखतीला नेहमी कोपर फाटलेला स्वेटर घालून येत. मला स्वेटरबद्दल काही वाटलं नाही, पण त्या फाटक्या स्वेटरला इस्त्री होती. दुसऱ्या एका बाईंनी सांगितलं, नवरा सोडून गेला, मी आणि मुलगीच, मुलीच्या बापाचा पत्ता नाही. आयरिश बाई, बोलायला गोड, रडायलाही लागल्या. घर मिळालं. मग शेजाऱ्याने कळवलं की 'युअर मॅन', म्हणजे ते महाशय, रोज संध्याकाळी तिथेच येतात. मी घरभेटीला गेले. बाई म्हणाल्या, इथे दुसरं कोणी नाही. चार वर्षांची पोर माझ्या ओळखपत्राच्या दोरीशी खेळत होती. मी तिला म्हटलं, "तुला गोष्ट कोण सांगतं ग?" ती म्हणाली, "डॅडी." "आणि डॅडी कुठे आहे?" तिने जिन्याखालच्या कपाटाकडे बोट केलं. गरम पाण्याची टाकी ठेवतात आणि ओले टॉवेल वाळवतात ते कपाट. इथे त्याला हॉट प्रेस म्हणतात. "तो टॉवेल सांभाळतोय," ती म्हणाली. मी कपाटाकडे वळले. दार आतूनच उघडलं आणि घामाने निथळलेला माणूस बाहेर आला, मला म्हणाला, "हाऊ आर यू, ग्रँड डे." मीही म्हटलं, ग्रँड.

ही गोष्ट मी खूप ठिकाणी सांगितली आहे आणि लोक खूप हसले आहेत. ती मुलगी आता कुठे राहते ते मला माहीत नाही. हे मी सहसा सांगत नाही.

माझा संशय एकतर्फी होता असं मात्र कोणी म्हणू नये. आमच्या काही इमारती एक खासगी कंपनी सांभाळायची. तिथला मॅनेजर डेक्लन एकदा माझ्याकडे एक प्रकरण घेऊन आला: केरळची नर्स, उत्पन्न मर्यादेच्या वर, घर खाली करून घ्यायला हवं. त्याने पगाराच्या चिठ्ठ्याही जोडल्या होत्या. चिठ्ठ्या खऱ्या होत्या, आकडे खरे होते. मी बघत बसले. मला एवढंच कळेना की या सगळ्या चिठ्ठ्या भर हिवाळ्यातल्याच का. हिवाळ्यात हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये पेशंट झोपलेले असतात, नर्सेसना घरी जाऊ देत नाहीत, ओव्हरटाइम साचतो. वर्षाचा हिशेब घेतला तर बाई आरामात रेषेच्या खाली. मग मी डेक्लनलाच विचारलं, हिचं घर तुला कुणासाठी हवंय? तो लाल झाला. चोराच्या मनात चांदणं. त्याच्या मेहुणीने तो कोपऱ्यातला फ्लॅट पाहून ठेवला होता. नर्सबाई राहिल्या. ख्रिसमसला माझ्यासाठी केळ्याचे वेफर्स घेऊन आल्या, आणि भेट घ्यायची नाही या नियमाने मी ते परत केले. त्यांना वाईट वाटलं. मलाही, कारण मला ते फार आवडतात.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

एका सकाळी ऑफिसात निनावी फोन आला. वानखडे नावाच्या भाडेकरूचं भारतात, अमरावतीला घर आहे, त्याचं भाडं येतं, ते त्याने लपवलं. फोन माझ्या साहेबीणबाईंनी, नोराने घेतला होता. "बोलणारी व्यक्ती भारतीय वाटली," ती म्हणाली. माझ्या मनात दोन संशय एकदम आले. पहिला, हा फोन आपल्याच कुणाचा तरी आहे, कारण अमरावतीतला फ्लॅट लिमरिकच्या आयरिश माणसाला कसा दिसणार? सोडतीत ज्यांचा नंबर लागला नाही अशी आपली चारपाच घरं मला माहीत होती. पुढची दिवाळी मी त्यांच्या तोंडाकडे बघत काढली. फोन कुणी केला ते आजतागायत कळलं नाही. दुसरा संशय वाईट होता: हा फोन खराच आला का? की मराठी बाई मराठी माणसाला पाठीशी घालते का, हे नोरा बघत होती?

मराठी प्रकरण आलं की मला एक लिहून द्यावं लागायचं, की मी या माणसाला ओळखत नाही. लिमरिकमध्ये. जिथे कुणाच्या घरी चकल्या बिघडल्या तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. हर्षल वानखडेला मी 'ओळखत' नव्हते. गणपतीच्या आरतीत टाळ वाजवताना पाहिलं होतं, इतकंच. मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनियर. बायको प्रणाली, एक मुलगी पहिलीत. आधी ते ज्या घरात भाड्याने राहत ते मालकाने विकलं, म्हणून काही महिने एका मित्राच्या हॉलमध्ये अंथरुणं घालून काढले होते. सोडतीत घर लागलं तेव्हा प्रणालीने मंडळात पेढे वाटले. त्यातला एक मी खाल्ला होता. तेही लिहून द्यावं का, असा विचार मी केला.

आणि हे घर गेलं असतं तर दुसरं मिळणार नव्हतं. हे मला माहीत होतं, नोराला माहीत होतं आणि वानखड्यांना तर सगळ्यात जास्त.

घरभेटीची वेळ आधी कळवलेली असते. मी गेले तेव्हा दार हर्षलच्या वडिलांनी उघडलं. दोन महिन्यांसाठी आले होते. घरातसुद्धा कानाला मफलर, वर कारखान्याच्या नावाचं मुलाचं जॅकेट. मी नियमाप्रमाणे ओळखपत्र दाखवलं, मराठीत सांगितलं की मी घराच्या ऑफिसातून चौकशीला आले आहे. त्यांनी ओळखपत्र लांब धरून नाव वाचलं आणि चेहरा फुलला.

"कुळकर्णी? मराठीच हाये का तुमी? या जी, या, बसा. पोरगं येऊनच राह्यलं. गाडी अडकली त्याची. सूनबाई पोरीले आणाले गेली."

मी बसले. ते चहाला लागले. नको म्हटलं तर म्हणाले, "नाई कसं म्हन्ता? सूनबाईनं शिकोलं मले हे शेगडीचं. ज्योत दिसत नाई, पन तापते." ते वीज मंडळात वायरमन होते. जन्मभर खांबावर चढले. इथे आल्यापासून बोलायला कोणी नव्हतं. नात त्यांचं सगळं समजते पण उत्तर इंग्रजीत देते, तेही आयरिश सुरात. "ते बोलते अन् मी हासतो," ते म्हणाले. "मले वाटते, हासल्यावर निभते."

चहा चांगला होता. आलं घातलं होतं. मी विचारलं, "काका, तिकडचं घर बंद करून आलात का?"

"जुनं घर बंद हाये. चाबी शेजारच्याले देली. अन् फ्लॅट हाये तो हर्षलच्या नावचा, तो भाड्यानं देला." ते समोर बसले, बशीत चहा ओतला. "त्याच्यावरच चालते न माह्यं. आमाले कायची पेन्शन, बाई? मंडळानं फंड देला, त्या फंडात फ्लॅट घेतला. घेतानाच पोराच्या नावानं घेतला. माह्या भावायसंगं माही जवानी कोर्टात गेली, एका खोलीसाठी. म्हून म्या ठरोलं, पोराले कोर्टाची पायरी चढू द्याची नाई. भाडं बँकेत जमा होते त्याच्या नावानं, मी काढतो. तो म्हन्ते, बाबा, तुमीच ठेवा, मले कायले पाह्यजे."

मी कप खाली ठेवला.

आता वाचकांपैकी निम्मे म्हणतील, मग यात काय चुकलं? आपल्याकडे निम्म्या घरांत हेच असतं. बाप घर घेतो आणि नाव मुलाचं लावतो. मुलाला विचारलं तर तो म्हणतो, ते बाबांचं घर आहे. आणि तो खोटं बोलत नसतो, त्याच्या मनात ते बाबांचंच असतं. अर्जात प्रश्न होता: इतर कुठलं उत्पन्न? हर्षलने लिहिलं, नाही. क्वालिटी इंजिनियर, दिवसभर मायक्रोनमध्ये चुका शोधणारा, आणि या ओळीवर थबकलासुद्धा नाही. पेन्शनच्या जागी बाबांना जे भाडं मिळतं ते आपलं उत्पन्न कसं असेल? पण कायद्याच्या डोळ्याला नाव दिसतं. मालकी कुणाची याच्यावर वाद घालता येतो. ज्याच्या नावाने भाडं जमा होतं त्याचं ते उत्पन्न, यावर फारसा घालता येत नाही. आणि हर्षल रेषेच्या इतका जवळ होता की तेवढ्या भाड्याने तो वर गेला.

हर्षल धापा टाकत आला. त्याच्याशी जे बोलायचं ते बोलले. भारतातल्या घराबद्दल विचारलं तर म्हणाला, "ते बाबांचं आहे, ताई." कुणाच्या नावावर, तर म्हणाला कागद अमरावतीला कपाटात आहेत, बघून सांगतो. त्याने आधी बाबांकडे पाहिलं, मग रिकाम्या कपांकडे. मला कळलं की त्याला कळलं.

न लिहिण्याचा विचार माझ्या मनात आला का? आला. ऐकणारी मी एकटी होते. ऑफिसात दुसऱ्या कुणाला मराठीचा 'म' कळत नाही. पण त्या सोडतीत ज्यांना घर मिळालं नाही त्यांत त्या फाटक्या स्वेटरवाल्यापासून खरोखर फाटक्यांपर्यंत सगळे होते, आणि माझ्याच हाताने मी कितीतरी जणांना याहून कमी गोष्टीसाठी बाहेर काढलं होतं. ते आपले नव्हते, म्हणून? मी घरी जाऊन सगळं लिहून काढलं. नोराने वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तू त्याला ओळखत नाहीस, नक्की?" म्हणजे लिहिलं तरी संशय.

ऑफिसने घर सोडण्याची नोटीस दिली. हर्षलचा मला फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "ताई, तुम्ही माझ्या वडिलांच्या हातचा चहा प्यायलात." मी म्हटलं, "हर्षल, मी ओळखपत्र दाखवलं होतं." तो म्हणाला, "त्यांना इंग्रजी येत नाही." मी म्हटलं, "मी मराठीत सांगितलं होतं." तो म्हणाला, "मग तर झालंच." पुढच्या हळदीकुंकवाला मला बोलावणं आलं नाही. एकीने कळवलं की यंदा छोटंसंच ठेवलंय. हॉल तोच होता, गाड्या तितक्याच होत्या.

हर्षलने दाद मागितली. घरमालक आणि भाडेकरूंचे वाद सोडवायला इथे एक सरकारी मंडळ आहे. कोर्ट नाही, पण जवळपास तसंच: लांब टेबल, पाण्याचा जग, निवाडा करणाऱ्या एक वयस्कर बाई, दुभाषी म्हणून डब्लिनहून आलेली एक मुलगी. मी साक्षीदार, त्यामुळे दुभाष्याचं काम मी करू शकत नव्हते. वानखडे काका सुनावणीसाठी मुक्काम वाढवून राहिले होते आणि त्याच जॅकेटमध्ये आले होते, मफलर मात्र काढून घडी करून मांडीवर ठेवला होता. मुलासाठी साक्ष द्यायची होती, की भाडं ते स्वतः खर्च करतात, मुलगा त्याला हात लावत नाही. मुलाला कोर्टाची पायरी चढावी लागू नये म्हणून जो फ्लॅट त्याच्या नावावर घेतला, त्याच फ्लॅटपायी ते दोघं तिथे बसले होते.

सुरुवात ठीक झाली. काकांनी फंड, वायरमनची नोकरी, औषधं सांगितली. दुभाषी मुलगी मुंबईची, तिला वऱ्हाडी जरा जड जात होतं, पण जमत होतं. मग बाईंनी विचारलं, "फ्लॅट कागदावर कुणाच्या नावावर आहे?"

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "माह्या."

"या बाईंनी लिहिलंय की तुम्ही त्यांना सांगितलंत, मुलाच्या नावावर आहे."

"मी असं काईच बोल्लो नाई. ह्या बाईले म्या आज पयल्यांदा पाह्यलं."

माझ्या नोकरीत मी असंख्य माणसांना खोटं बोलताना ऐकलं. सराईत माणूस खोट्याबरोबर तपशील देतो, तारखा देतो, मुलांची नावं घेतो. काकांना खोटं बोलताच येत नव्हतं. दोन वाक्यं बोलले आणि मफलरच्या घड्या मोजायला लागले.  मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त त्यांच्याजवळ जाऊन 'काका, बसा हो' म्हणावंसं वाटलं.

पण खोलीत कुणाला ते कळलं नाही. बाईंना कळली ती फक्त दुभाषी मुलीची इंग्रजी वाक्यं, स्वच्छ, ठाम. बाई माझ्याकडे वळल्या. मी एकटी होते का? हो. कुठे नोंद, रेकॉर्डिंग? नाही. बोलणं कुठल्या भाषेत? मराठीत. ऑफिसात कोणी पडताळू शकलं असतं? नाही. प्रत्येक उत्तराबरोबर माझी बाजू खचत होती. मी शेजारी नोराकडे पाहिलं. ती माझ्याकडे त्याच नजरेने बघत होती, ज्या नजरेने मी इतकी वर्षं लोकांकडे बघत आले. ती नजर समोरून कशी लागते ते मला त्या दिवशी समजलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, कागद समोर नाहीत, आणि एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द, तेव्हा... आणि तिथे हर्षल उभा राहिला.

"माझे वडील जे बोलले ते खरं नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "फ्लॅट माझ्या नावावर आहे. कागद मी मागवून पाहिलेत. त्यांनी या बाईंना खरं तेच सांगितलं होतं. त्यांचं आत्ताचं बोलणं कृपया नोंदीतून काढून टाका."

दुभाषी मुलगी सवयीने हे काकांना मराठीत सांगायला लागली, तर हर्षलनेच तिला हाताने थांबवलं. वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, राहू द्या. घर जाऊ द्या. तुम्हाला खोटं बोलायला लावून मला त्या घरात झोप लागणार आहे का?"

खरं सांगते, तेव्हासुद्धा माझ्या मनात क्षणभर आलं, हा डाव तर नाही? बाईंना दया यावी म्हणून? इतकी मी कामातून गेले होते. मग मागे बसलेली प्रणाली तोंडावर ओढणी धरून बाहेर निघून गेलेली दिसली, आणि तो क्षण गेला.

निकाल ऑफिसच्या बाजूने लागला. लागणारच होता. बाईंनी एवढं केलं की पोरीचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत त्यांना घरात राहू दिलं, आणि फसवण्याचा हेतू दिसत नाही असं निकालात स्पष्ट लिहिलं, त्यामुळे हर्षलच्या नावाला पुढे बट्टा लागला नाही. त्याने वर कासलबारकडच्या एका कारखान्यात नोकरी धरली. तिकडे घरं थोडी तरी मिळतात. मराठी मंडळातून त्यांचं नाव कमी झालं. आमच्याकडची ती सदनिका सोडतीतल्या पुढच्या माणसाला गेली. त्याचीही तपासणी मीच केली, आणि कसून केली, पण काही सापडलं नाही. ऑफिसात माझी पाठ थोपटली गेली. माझ्या कामाचा मला अभिमान आहे, आजही आहे. माझ्या हातून अपात्र माणसाला घर गेलं नाही आणि पात्र माणसाचं घर गेलं नाही. वानखडे यांपैकी कुठल्या रकान्यात बसतात ते मात्र मला नेमकं सांगता येत नाही.

त्या दिवशी सुनावणी संपल्यावर मी लिफ्टशी उभी होते. नोरा पुढे गेली होती. हर्षल प्रणालीला शोधायला खाली धावला होता आणि काका भिंतीला धरून हळूहळू येत होते. मला टाळून जिन्याकडे जातील असं वाटलं, पण ते सरळ माझ्यापाशी आले. मफलर पुन्हा कानाला बांधला. मी 'काका, माफ करा' असं काहीतरी जुळवत होते, तर त्यांनीच हात जोडले.

"म्या खोटं बोल्लो, बाई. तुमाले खोटं पाडलं चार लोकायत. मनात ठेवू नका."

मी म्हटलं, "तुम्ही कशाला हात जोडता?"

"राग नाई माह्या मनात. एक इचारू का, फक्त?" ते माझ्याकडे नीट बघत होते, चहा देताना बघत होते तसंच. "त्या दिवशी तुमी मले इचारलं, घर बंद करून आले का म्हून. इथं आलो तवापासून समद्यायनं मले हेच इचारलं, तुमच्या मंडळातल्यायनंही. म्हून मी सांगत गेलो. ते तुमी पाव्हणी म्हून इचारलं, का हापिसाची म्हून?"

लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं. इतकी वर्षं मी लोकांकडून उत्तरं काढली होती. मी आठवून पाहिलं. आल्याचा वास आठवला, बशी आठवली, माझाच आवाज आठवला. त्यात काय होतं ते काही केल्या वेगळं करता येईना.

"काका, मला खरंच माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. माझ्या दंडावर हलकेच थोपटलं.

"मंग तुमचं आमच्यापरस अवघड हाये, बाई," ते म्हणाले, आणि जिना उतरायला लागले.